‘म्याडम, तुमच्या वेळी किती दिवस दुखलं होतं?’

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या एका चौतीस वर्षांच्या वाचक ताईंनी लिहिलं आहे. नर्सिंगचं शिक्षण, प्रसूती विभागात आठ वर्षं नोकरी, त्यानंतर स्तनपान सल्लागाराचं रीतसर प्रशिक्षण. आता त्या दोन खासगी प्रसूतिगृहांत जातात आणि बाळंतिणींच्या घरीही भेटी देतात. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. “कुठल्याही घरी गेले की दुधाच्या आधी माझी चौकशी होते, ‘तुम्हाला किती लेकरं?’” सहा महिन्यांपूर्वी साखर पेठेतल्या एका सासूबाईंना त्या सांगून बसल्या, “एक मुलगी आहे.” दोन दिवसांनी त्या घरच्या सुनेनं फोनवर विचारलं, “म्याडम, तुमच्या वेळी किती दिवस दुखलं होतं?” यांनी उत्तर दिलं, “चार-पाच दिवस. मग आपोआप थांबलं.” सून कळ काढत राहिली. पाचव्या दिवशी स्तनाग्रातून रक्त आलं तेव्हा तिनं पुन्हा फोन केला. ताई लगेच गेल्या, बाळाची स्तनावरची पकड सुधारली, जखम भरली. ती सून आजही त्यांच्या ‘मुली’ची चौकशी करते. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका घरी बारशाला आग्रहानं बोलावणं होतं. पाळण्याजवळ उभ्या असताना कुणीतरी म्हणालं, “लेकुरवाळ्यांनीच पुढं या गं.” त्या मागे सरकल्या. त्या विचारतात: हे काम मुलं असलेल्या बायकांनीच करावं का? मी सोडून देऊ? की सांगितलेलं खोटं तसंच चालू ठेवू?

ताई,

आधी त्या चार दिवसांबद्दल बोलू. पत्रात तुम्ही ते दोन ओळींत उरकलेत आणि बारशाबद्दल दीड पान लिहिलंत. बारशाचा घाव खोल आहे, त्याकडे येतेच. पण ती सून चार दिवस दातओठ खाऊन बाळाला पाजत राहिली ती तुमच्या एका वाक्याच्या भरवशावर, आणि त्या वाक्यात तुमचं शिक्षण कुठंच नव्हतं. बाळ लागताना पहिल्या काही दिवसांत थोडं हुळहुळतं. मात्र पाजणं संपेपर्यंत कळ येत राहिली, बाळानं सोडल्यावर स्तनाग्र चेपलेलं, तिरकं दिसलं, तर पकड चुकतेय आणि त्याच दिवशी जाऊन बघायला हवं. हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण फोनवर त्या दिवशी तुमच्यातली सल्लागार गप्प बसली आणि नसलेल्या मुलीची आई बोलली.

ही चूक होती, आणि ती चूक आहे असं मी म्हटलं नाही तर तुमच्या पत्राला खरं उत्तर दिल्यासारखं होणार नाही. पण या चुकीचा जो अर्थ तुम्ही लावलात तो मला पटत नाही. तुम्ही लिहिता, “मला अनुभव नाही म्हणून असं झालं.” जरा उलटं करून बघा. समजा तुम्हाला खरंच मुलगी असती आणि तुमचं दुखणं खरोखरच चार दिवसांत थांबलं असतं. तुम्ही तेच उत्तर अगदी खरेपणानं दिलं असतं आणि त्या सुनेच्या जखमेतून तितकंच रक्त आलं असतं. स्वतःचा अनुभव दुसरीच्या अंगाला लावून बघितला, तिथं घात झाला. तो खरा की बनवलेला, यानं तिच्या दुखण्यात काही फरक पडला नसता.

हे मी माझ्या अंगावरून सांगते. माझा थोरला झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी घट्ट झाली होती. बाळ तोंड लावायचं, घसरायचं, लालबुंद होऊन रडायचं. त्या दवाखान्यातल्या एक जाणत्या बाई, तीन मुलांची आई, अगदी मायेनं म्हणाल्या, “मला तर कुणी शिकवलं नाही बाई. लेकरू आपोआप पितं.” त्यांची तिन्ही बाळं पहिल्या दिवसापासून नीट प्यायली असतील. पण रात्रभर माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं, की माझ्यातच काहीतरी खोट आहे.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. माझं माहेर सोलापूरचंच, बाळीवेशीतलं. आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली, मूलबाळ नाही. पण आमच्या घरातली सगळी बाळंतपणं तिच्या हातची. तिनं आल्या आल्या गरम पाण्यात पंचा बुडवून पिळला, तळहातावर धरून ऊन किती आहे ते पाहिलं आणि छातीवर ठेवला. मग म्हणाली, “आधी थोडं काढून टाकू गं. दगडाला कोण तोंड लावेल?” तिच्या बोटांनी कडेकडेनं थोडं दूध काढल्यावर स्तनाग्राभोवतालचा काळा भाग मऊ पडला. मग तिनं बाळ माझ्याकडे पूर्ण वळवलं, पोटाला पोट लागेल असं. बाळानं आ केला आणि पहिल्यांदाच त्याच्या गळ्यातून गुटुक गुटुक आवाज आला. आज तुम्ही प्रशिक्षणात जे शिकता तेच ती करत होती. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी बसून तिनं ते पाहिलं होतं.

त्याच आत्याला माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्यापासून लांब बसवलं. खालून वरून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ चाललं होतं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभी होती. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. आत्या आता नाही. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘मी मागे सरकले’ हे वाक्य मला फार लागलं.

आता तुमचा पहिला प्रश्न. हे काम आयांनीच करावं का? तुमची घालमेल अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही, कारण यात दोन वेगळी कामं आहेत आणि आपल्याकडे ती एकच मानली जातात. १९५६ साली अमेरिकेत सात आयांनी मिळून ‘ला लेचे लीग’ सुरू केली. एका आईनं दुसऱ्या आईला आधार द्यावा, ही त्यामागची कल्पना. तिथं गट चालवणाऱ्या बाईनं स्वतः बाळाला पाजलेलं असावं अशी अट आहे आणि ती रास्तही आहे, कारण तिथं अनुभव हीच शिदोरी असते. स्तनपान सल्लागाराचं काम निराळं. त्याची आंतरराष्ट्रीय परीक्षा १९८५पासून होते. तिला बसायला आरोग्यशास्त्राचे विषय लागतात, स्तनपानाचं ९५ तासांचं शिक्षण लागतं, प्रत्यक्ष आया-बाळांसोबत काम केल्याचे शेकडो तास दाखवावे लागतात. स्वतःला मूल असावं अशी अट नाही. तुम्ही दुसऱ्या प्रकारचं काम करता आणि पहिल्या प्रकारच्या मापानं स्वतःला मोजता. त्यात तुम्ही कायम कमीच भराल.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडे खरंच नाही, आणि ती मान्य करून टाकलेली बरी. सिझेरियनच्या टाक्यांवर बाळ घेऊन रात्री तीन वाजता तिसऱ्यांदा उठताना शरीर काय म्हणतं, हे तुम्हाला आतून माहीत नाही. ‘जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे’ म्हणतात ते इथं खरं आहे. तेव्हा ते जिला माहीत आहे तिलाच विचारा. “रात्रीचं कसं जातंय? मला नीट सांगा, मी ऐकतेय,” एवढं म्हणून दोन मिनिटं काही बोलू नका. स्वतः त्यातून गेलेली बाई इथं हमखास मधे बोलते, ‘अगं, माझं तर याहून वाईट होतं.’ तुम्हाला तो मोह नाही. या आया जे सांगतात ते वहीत उतरवत चला, नावं न लिहिता. वर्षभरात ती वही तुम्हाला एका बाळंतपणापेक्षा जास्त शिकवेल.

दुसरा प्रश्न खोट्याचा. त्याआधी, ‘किती लेकरं?’ हा प्रश्न लोक का विचारतात ते पाहू. आपल्या गावात एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा हे विचारते, त्यामुळं प्रत्येक वेळी त्यात परीक्षा असतेच असं नाही. बाळंतिणीच्या खोलीत मात्र सासू आणि सून एकाच प्रश्नातून वेगळं काहीतरी विचारत असतात. ‘ही बाहेरची बाई माझ्या घरात येऊन माझं मोडीत काढणार का?’ ही सासूबाईंची काळजी. सुनेच्या मनात असतं, ‘ही मला नावं तर नाही ना ठेवणार? मला दूध नाही असं तर नाही ना म्हणणार?’ त्या खऱ्या प्रश्नांचं उत्तर मिळालं की मुलांचा आकडा बहुतेक घरांत मागे पडतो.

म्हणून सरळ सांगायचं असेल तर एवढंच म्हणा: “मला मूल नाही, मावशी. पण आठ वर्षं बाळंतिणींतच गेलीत माझी. बाळ कसं पितंय ते आधी बघू या का?” आणि लगेच बाळाकडे वळा. वाक्य मोठं करू नका, कारणं देऊ नका, आवाज खाली आणू नका. सांगायचं नसेल तर तोही तुमचा हक्क आहे: “माझं राहू द्या मावशी, बाळ भुकेलंय.” न सांगणं आणि खोटं सांगणं यात मोठं अंतर आहे. न सांगितलेल्या गोष्टीवरून उद्या कुणी तुम्हाला ‘तुमच्या वेळी काय केलंत?’ असं विचारणार नाही.

सासूबाईंना काम द्या, हे तर अगदी नक्की करा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट चांगला ओला झाला तर बाळाच्या पोटात पुरेसं दूध जातंय. हे मोजायला घरातल्या मोठ्या बाईसारखं कुणी नाही. ‘दूध कमी पडतंय, वरचं सुरू करा’ असं तीच म्हणत असते, आणि तिनं स्वतः मोजलेला सहाचा आकडा तिला तुमच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पटेल. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं, हेही तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे तर तुम्ही जाणताच. पारा चाळिशीच्या वर, पत्र्याच्या घरात भट्टी, आणि आजी वाटी-चमच्यानं पाणी पाजायला बसलेली. तिला ‘अडाणीपणा करू नका’ म्हटलंत तर ती तुमच्या पाठीमागं पाजेल. “आईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं, आजी. सहा महिने बाळाला वेगळं पाणी लागत नाही. तहान लागली की छातीला लावा, आणि तांब्या सुनेच्या हातात द्या,” असं म्हणा. पाणी पाजायची तिची हौस सुनेकडे वळली तर दोघींचं भलं होईल.

आणखी एक. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत मनातलं दुखणं तेलुगूतच बाहेर पडतं. “नोप्पी उंदा?” (दुखतंय का?) एवढे दोन शब्द तुमच्या तोंडून आले की मोडक्या उच्चारालाही माणसं हसून जवळ घेतात. तुम्ही बहुधा हे करतच असाल. नसाल तर जरूर करा. विडी वळणाऱ्या आयांना बाळ घेण्याआधी हात साबणानं धुवा, वरची साडी किंवा ओढणी बदला, तंबाखूचं सूप बाळापासून लांब ठेवा, हे सांगताना त्यांच्याच भाषेतला एखादा शब्द असला तर तो टोमण्यासारखा लागत नाही.

हात लावण्याआधी विचारत जा. आठ वर्षांच्या सवयीनं हात आपोआप पुढे जातो, हे मी समजू शकते. पण बाळंतीण त्या दिवसांत सगळ्यांच्या हाताखालून जात असते, मालिशवाल्या बाईपासून डॉक्टरांपर्यंत. कापडी बाहुली घेऊन जा, तिच्यावर दाखवा आणि आईला स्वतःच्या हातांनी करू द्या. कोपराखाली घ्यायला उशी लागेलच असं नाही. आपल्या सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी करून घरातल्या खुर्चीतही हात छान टेकतो. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली, तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला. आईला हे स्वतः करता आलं की तुम्ही गेल्यावर रात्री तीन वाजताही ते तिच्या हाती राहतं.

आता अनुभवाची जी खरी गरज उरते ती उसनी आणता येते, उघडपणे. तुमच्या हाताखालून गेलेल्या आयांपैकी तीन-चार जणींना विचारा, नव्या बाळंतिणीशी फोनवर बोलतील का. एक सिझेरियनची, एक जुळ्यांची, एक कामावर परत जाणारी. ‘तुम्हाला किती दिवस दुखलं?’ हा प्रश्न आला की म्हणा, “प्रत्येकीचं वेगळं असतं. तुमचं मी उद्या येऊन बघते. आणि जिला असं झालं होतं अशा एका ताईंशी बोलायचं असेल तर त्यांना विचारून नंबर देते.” मात्र जखम, ताप, छातीला लाल कडक गाठ, वजन न वाढणं, यांवर फोनवरचा कुणाचाही अनुभव चालवून घेऊ नका, तुमचा नाही आणि त्यांचाही नाही. तिथं तुम्ही स्वतः बघायचं आणि गरज असेल तर डॉक्टरांकडे पाठवायचं.

खरं सांगितल्यावर सगळी घरं तुम्हाला स्वीकारतील असं आश्वासन मी देऊ शकत नाही. एखादी सासू म्हणेल, “दुसऱ्या कुणाला पाठवा.” तेव्हा वाद घालू नका. तुमच्या प्रसूतिगृहात आत्ताच एखाद्या सहकारी नर्सशी बोलून ठेवा, म्हणजे ती जाईल आणि बाळाचा एक दिवसही वाया जाणार नाही. अपमान तर झालेला असतोच. तो घरी नेऊन कुणाला तरी सांगा, गिळू नका. नुकतीच नोकरीला लागलेली अविवाहित स्टाफ नर्स, मूल नसलेली आशाताई, या सगळ्यांना हेच ऐकावं लागतं. बालरोगतज्ज्ञ पुरुष असला तर मात्र त्याला हा प्रश्न येत नाही, हेही एकदा आपल्या डोक्यात नीट बसवून घ्यायला हवं.

काम सोडायचं का, हे मी वेगळं ठेवते. मूल का नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. पण लोकांच्या बोलण्याचा त्रास वेगळा आणि बाळ हातात घेतल्यावर आतून येणारा हुंदका वेगळा. घरी गेल्यावर जेवण जात नसेल, झोप उडत असेल, बाळाच्या वासानंच डोळे भरत असतील, तर दोन महिने घरभेटी थांबवा. त्या काळात नर्सेसना शिकवा, किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दूध काढून साठवायला आयांना मदत करा. ही विश्रांती आहे, माघार नाही. मन फार जड झालं तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं. आणि त्रास फक्त ‘लेकुरवाळ्यांनी पुढं या’ एवढ्याचाच असेल, तर त्यासाठी इतकं चांगलं शिकलेलं काम सोडू नका, असं मी अगदी ठामपणे सांगेन. त्या बारशाला ते बाळ धष्टपुष्ट होतं, त्यात तुमच्या हातांचा वाटा होता.

यापुढे बारशाला जायचं झालं तर लवकर जा, आईला भेटा, झबलं-टोपडं द्या, आणि मन नसेल तर पाळण्याच्या आधी निघा. किंवा त्या आईलाच आदल्या दिवशी विचारा, “मी पाळण्यापाशी असले तर चालेल ना?” ज्या घरांत हे सदर वाचलं जातं त्यांना माझं कळकळीनं सांगणं आहे, की जिनं तुमच्या बाळाला छातीला लावायला शिकवलं तिला तुम्ही स्वतः हाताला धरून पुढे घ्या. आत्याच्या वेळी माझ्याकडून ते झालं नाही.

राहिली साखर पेठेतली सून. तिला खरं सांगा. सासूबाईंना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना जाहीर करायची गरज नाही, पण तिला सांगा, कारण दुखणं तिनं सोसलंय आणि उद्या तिच्या बहिणीला ती तुमचं ‘चार दिवसांचं’ उत्तर देईल. फार तर एवढं: “मला मुलगी नाही. त्या दिवशी घाबरून बोलून गेले आणि त्यावरून तुम्हाला चुकीचं सांगितलं. दुखत राहिलं तर थांबायचं नसतं, त्याच दिवशी दाखवायचं असतं. तुम्हाला चार दिवस त्रास झाला तो माझ्यामुळं. मला माफ करा.” त्यानंतर ती चिडेल, रडेल, किंवा नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवेल. काहीही झालं तरी स्वतःची बाजू मांडत बसू नका. तिचं सहा महिन्यांचं बाळ आता वरण-भाताची पेज खायला लागलं असेल, त्याबद्दल तिनं काही विचारलं तर नेहमीसारखं नीट सांगा.

फोन दुपारी दोन-अडीचला करा. सासूबाई पडलेल्या असतात, बाळ एक झोप काढत असतं आणि तिला एकटीला बोलता येतं.